चौथ्या पायरीवरची टिक

गेल्या महिन्यात आमच्या जुन्या साहेबांचा फोन आला. मला निवृत्त होऊन सात वर्षं होत आली. एवढ्या काळात दिवाळीच्या शुभेच्छांपलीकडे आमचं बोलणं झालेलं नव्हतं. मी बोरिवलीच्या घरी गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालत होतो.

“काका, तुमचं एक मत हवंय,” साहेब म्हणाले. “आपल्या बॉट टीमला प्रमुख हवाय. ती मुलुंडची आठवते ना, तुमच्या शेजारी बसायची? तिचा अर्ज आलाय. मुलाखत उत्तम झाली. पण ते रिपोर्टांचं प्रकरण फाइलला आहे. तुम्ही तिला जवळून बघितलंय. कामात काळजी घेणारी आहे का? तुम्ही हो म्हणालात तर मी वर बोलतो.”

कुंडी भरून पाणी खालच्या मजल्यावर पडायला लागलं आणि खालून ओरडा झाला, तेव्हा मी भानावर आलो. “साहेब, फोनवर नको. मी येऊन सांगतो,” एवढंच म्हणालो.

जे सांगायचं होतं ते मी सात वर्षांत कुणालाच सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही. ते रिपोर्टांचं प्रकरण तिच्या हातून घडलंच नव्हतं. ते माझ्या हातून घडलं होतं.

आमचं ऑफिस अंधेरी पूर्वेला. रक्त-लघवी तपासणाऱ्या एका लॅबचं मुख्य कार्यालय. नमुने घेणारी केंद्रं मालाडपासून चेंबूरपर्यंत पसरलेली, पण रिपोर्ट सगळे आमच्याकडून बाहेर पडायचे. मी तिथे एकतीस वर्षं काढली, बहुतेक सगळी डिस्पॅचमध्ये. आधी लिफाफे, मग फॅक्स, मग ईमेल. नोकरीला लागलो तेव्हा तिथल्या जुन्या हेडक्लार्कनं पहिल्याच आठवड्यात मला बजावलं होतं, “आधी रजिस्टर भर, मग कामाला लाग. तुझं काम कोण बघायला येत नाही, रजिस्टर सगळे बघतात.” मी ते इतकं मनावर घेतलं की पुढे तीस वर्षं माझ्या रजिस्टरात एक खाडाखोड सापडली नाही. सकाळी आलो की दिवसभराच्या सगळ्या रकान्यांत लाल पेनानं एका रांगेत टिका मारायच्या, आणि मग टिका मारलेली कामं करायला घ्यायची. कामं व्हायचीच. त्यामुळे ह्यात काही वावगं आहे असं मला कधी वाटलं नाही.

मग ऑफिसात बॉट आले. बॉट म्हणजे हातपाय असलेलं यंत्र नव्हे. माणूस कॉम्प्युटरच्या पडद्यावर जे जे करतो, ही फाइल उघड, हा नंबर जुळव, इथे क्लिक कर, तेच सगळं त्याच क्रमानं करणारा प्रोग्राम. आमचं सहा जणांचं खातं मोडलं. पाच जणांना केंद्रांवर पाठवलं. माझी दोन वर्षं उरली होती, त्यामुळे मला जुन्या कागदांच्या खोलीत बसवायचं ठरत होतं. ती खोली तळघरात होती आणि तिला खिडकी नव्हती.

तेव्हा ती आली. वय चाळीसच्या आतबाहेर, मुलगा शाळेत, घरी आई. कंत्राटावर होती, बॉट बनवायला. तिसऱ्या दिवशी साहेबांकडे जाऊन म्हणाली, “मला ते डिस्पॅचवाले काका हवेत.”

मी तिला स्पष्ट सांगितलं, “हे बघ, मला मोबाइलवरून फोटो पाठवायचा तर मुलीला हाक मारावी लागते.”

“पाठवू नका ना मग फोटो,” ती म्हणाली. “रिपोर्ट अडला की नेमका कुठे अडतो, ते तुम्हाला ठाऊक आहे. मला नाही. बॉटला नुसतं क्लिक करायला शिकवून काय करू, काका? तो चुकीच्या माणसाला रिपोर्ट पाठवील, आणि तोही फटाफट.”

आणि खरंच, मला बरंच ठाऊक होतं. एकाच इमारतीत एकाच नावाचे दोघे असतात. सासरा आणि सून एकच ईमेल वापरतात, आणि सुनेचा रिपोर्ट सासऱ्याच्या हाती पडलेला तिला चालत नाही. काही तपासण्यांचे रिपोर्ट मेलवर धाडायचेच नसतात, आधी डॉक्टर त्या माणसाशी बोलतात. तीस वर्षं जे मी माहिती म्हणूनही मोजलं नव्हतं, ते ती वहीत उतरवून घ्यायची आणि त्याचा रस्ता बॉटच्या नकाशात आखायची. एखादा अवघड रस्ता नीट चालला की खुर्ची वळवून म्हणायची, “झकास, काका! हा तुमचा.” तळघरात जायचा माणूस मी. त्या दोन वर्षांत मला रोज सकाळी ऑफिसला जावंसं वाटायचं. हे तिचे उपकार आहेत, आणि पुढचं सगळं लिहिताना मी ते विसरलेलो नाही, हे इथेच सांगून ठेवतो.

बॉट आधी ‘टेस्ट’मध्ये तयार व्हायचा आणि तिथून ‘लाइव्ह’वर जायचा. दोन्ही पडदे दिसायला अगदी सारखे. मला फरक कळेना. ती म्हणाली, “टेस्ट म्हणजे तालीम आणि लाइव्ह म्हणजे प्रयोग. तालमीत बॉट सगळे रिपोर्ट आपल्याच एका पेटीत टाकतो, कुणाला काही जात नाही. प्रयोगाला खऱ्या माणसांना जातात.” तालमीतला बॉट प्रयोगाकडे न्यायचा म्हणजे त्याची फाइल टेस्टमधून बाहेर काढायची आणि लाइव्हमध्ये आत घ्यायची. ह्याला सगळे इम्पोर्ट म्हणत. आत घेताना पडद्यावर एक छोटी चौकट यायची, ‘सेटिंगसकट’, आणि तिच्यात टिक आधीच असायची. ती टिक आठवणीनं काढायची. राहिली, तर तालमीतली सेटिंग प्रयोगात शिरणार आणि खऱ्या लोकांचे रिपोर्टही आमच्याच पेटीत जाऊन पडणार.

मी ह्या कामाच्या नऊ पायऱ्या माझ्या वहीत लिहून काढल्या. टिक काढणं ही चौथी. साहेबांना ती यादी इतकी आवडली की प्रत्येक इम्पोर्टच्या वेळी माझी वही भरायची असा नियमच झाला. ती इम्पोर्ट करायची, मी शेजारी बसून एकेक पायरी वाचायचो. टिका मात्र मी माझ्या सवयीनं आधीच मारून ठेवलेल्या असायच्या. तिनं एकदा हटकलं होतं, “काका, अजून पहिली पण नाही झाली!” मी म्हणालो, “तू आहेस ना.” ती हसली. तेव्हा ते खरंच होतं, ती होती.

तो गुरुवार होता. तिच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन मुलुंडला त्याच संध्याकाळी ठरलं होतं, आणि एका नव्या तपासणीसाठी बदललेला बॉट शुक्रवारी सकाळच्या आत लाइव्हवर जायला हवा होता. फाइल दुपारी उशिरा तयार होणार होती. तिची घालमेल मला बघवेना. खरं सांगायचं तर तेवढंच नव्हतं. एकदा तरी हे एकट्यानं करून बघावं अशी मला हौस होती.

“जा तू,” मी म्हणालो. “मी टाकतो.”

“तुमच्या आयडीला लाइव्हचे हक्क नाहीत, काका.”

“मग तुझ्या आयडीनं टाकतो. आईपेक्षा मोठं आहे का हे?”

पासवर्ड कुणाला द्यायचा नाही हा तिथला सगळ्यात कडक नियम. ती जरा थांबली, मग माझ्या वहीच्या कोपऱ्यात तिनं पेन्सिलीनं तो लिहिला. निघताना दारातून म्हणाली, “चौथी विसरू नका हं.”

मी वही उघडली, नऊच्या नऊ टिका एका रांगेत मारल्या आणि कामाला बसलो. तीन पायऱ्या व्यवस्थित झाल्या. मग घरून फोन आला. येताना नारळ आणा, कढीपत्ता आणा, इस्त्रीवाल्याकडचे कपडे घ्या. ते मी समासात लिहून घेतलं, वेळेसकट. फोनची वेळ लिहायची माझी जुनी खोड. फोन ठेवला आणि कुठवर आलो होतो ते वहीत बघितलं. वहीत तर सगळंच झालेलं होतं. मी बटण दाबलं.

शुक्रवारी सकाळी सातला बॉट सुरू झाला आणि सगळे रिपोर्ट पोचले असं त्यानं कळवलं. त्याच्या बाजूनं ते खरंच होतं. अकरापासून फोन खणखणायला लागले. एकाचाही रिपोर्ट पोचलेला नव्हता. घाटकोपरचे एक गृहस्थ स्वतः येऊन काउंटरला उभे राहिले. दुपारी त्यांचं ऑपरेशन होतं, सकाळपासून पोटात पाण्याचा थेंब नव्हता, आणि रिपोर्टाशिवाय डॉक्टर हात लावायला तयार नव्हते. त्यांचं ऑपरेशन तीन दिवस पुढे गेलं. पुढे सगळं नीट झालं, हे मी नंतर फोन करून विचारलं होतं. पण त्या दिवशी ते बाकावर बसून सोबत आलेल्या बायकोला “जाऊ दे, जाऊ दे” म्हणत होते, ते अजून डोळ्यांपुढे आहे.

एक वाजता साहेबांनी आम्हा दोघांना आत बोलावलं. पडद्यावर नोंद होती. कुणी इम्पोर्ट केलं, कधी केलं. तिचा आयडी होता.

साहेबांनी माझी वही मागितली. टिकांची रांग तेवढी बघितली. “काकांची यादी तर पूर्ण आहे,” ते म्हणाले.

ती माझ्याकडे बघत होती. रागानं नाही. वाट बघत होती. मी म्हणालो, “यादी मी दिली होती.” एवढंच. हे वाक्य खोटं नव्हतं, म्हणून ते जास्त वाईट होतं.

“माझ्या आयडीनं झालंय,” ती म्हणाली. “जबाबदारी माझी.”

फाइलमध्ये लिहिलं गेलं: ‘यादी उपलब्ध असूनही पायऱ्या पाळल्या नाहीत.’ पुढच्या महिन्यात तिला कायम करणार होते, ते पत्र थांबलं. दोन महिन्यांनी ती सोडून गेली. मी चार महिन्यांनी निवृत्त झालो. निरोप समारंभात साहेब शाल घालताना म्हणाले, “एकही पायरी न चुकणारा माणूस.” टाळ्या झाल्या. ती शाल मी एकदाही अंगावर घेतलेली नाही.

साहेबांचा फोन आला त्या दुपारी मी बायकोला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “म्हणजे माझ्या नारळापायी?”

“नारळाचं काय त्यात, अगं! मी आधी टिका मारल्या.”

“आणि सात वर्षं माझ्यासमोर बसून जेवलात, एक शब्द नाही बोललात?” ती उठून भांडी आवरायला लागली. “साहेबांकडे नंतर जा. आधी तिच्याकडे जा. पासवर्ड तिनं दिला होता. तिला न विचारता तुम्ही बोललात, तर पुन्हा तिचंच वाटोळं करून याल.”

हे मला सुचलं नव्हतं. मी जुन्या मोबाइलमधून तिचा नंबर काढला. दोनदा वाजला आणि तिनं उचलला. म्हणाली, “काका? या ना, रविवारी या.”

मुलुंडला दार तिच्या आईनं उघडलं. मी ओळख सांगताच त्यांनी हात जोडले. “तुम्हीच ना ते! माझ्या डोळ्याच्या वेळी हिचं काम अंगावर घेतलंत. त्या दिवशी ही आली नसती तर मी टेबलावर चढलेच नसते हो, एवढी घाबरले होते. हिनं सांगितलंय मला सगळं.”

तिनं घरी हे सांगितलं होतं. एवढंच सांगितलं होतं. मी चहाचा कप तसाच खाली ठेवला, तेव्हा ती म्हणाली, “आई, काकांना जरा पाणी आण गं.”

आई आत गेल्यावर मी भराभर बोललो. सगळं सांगितलं, टिका, नारळ, फोन. तिनं मध्ये तोडलं नाही.

“मला ठाऊकच आहे,” ती म्हणाली. “माझ्या आयडीवर मी नव्हते म्हणजे तुम्ही होतात. तिसरं कोण असणार?”

“मग बोलली का नाहीस?”

“पासवर्ड दिला म्हटलं असतं तर दोघंही बाहेर. तुमचे चार महिने राहिले होते.” तिनं आतल्या दाराकडे बघितलं. “आणि मला वाटलं होतं, तुम्ही बोलाल. आठवडाभर वाट बघितली. रोज डबा उघडला की वाटायचं, आज बोलतील. तुम्ही रोज लोणचं पुढे करायचात.”

मला मान वर करवेना.

“राग आला असेल.”

“आला ना! मग काय! प्रत्येक मुलाखतीत विचारायचे, तिथे कायम का नाही केलं? तेव्हा मनातल्या मनात काय काय बोललेय मी तुम्हाला, यार, सांगण्यासारखं नाही.” आणि ती हसली, अगदी तशीच, खुर्ची वळवून हसायची तशी. “नंतर ओसरला. तुम्ही शिकवलेले ते सासरा-सुनेचे रस्ते मी अजून वापरते, काका. ते करताना राग कसा धरणार?”

मी विचारलं, “साहेबांना काय सांगू? काळजी घेणारी आहे म्हणून सांगतो. तेवढं पुरेल.”

“नाही.” आता ती हसत नव्हती. “माझ्याबद्दल चांगलं सांगायला जाऊ नका. झालं ते सांगा. पासवर्डचंही. ते माझं चुकलंच होतं. अर्धं सांगणार असाल तर मला ती खुर्ची नको.”

“अगं, पासवर्डचं कळलं तर घेणार नाहीत तुला.”

“नाही घेतलं तर नाही. मालाडला बरी नोकरी आहे मला. पण त्या फाइलमध्ये माझ्या नावापुढे जे लिहिलंय ना, पायऱ्या पाळल्या नाहीत, ते खोटं आहे. मी एक पायरी कधी सोडली नाही. ते तिथून काढायचंय मला. त्यासाठी तर अर्ज केला.”

निघताना म्हणाली, “आणि लिहिणार असाल कुठे हे, तर लिहा. पण नावं नकोत. माझं नको, तुमचंही नको.” मी अधूनमधून काहीबाही लिहितो, हे तिला तेव्हापासून आठवत होतं.

दुसऱ्या दिवशी मी वही घेऊन अंधेरीला गेलो. साहेबांचे केस पांढरे झालेत. मी वहीचं ते पान त्यांच्यापुढे उघडून ठेवलं आणि उभ्याउभ्याच सांगून टाकलं. बसलो असतो तर राहून गेलं असतं.

त्यांनी समासातलं वाचलं. “चार पस्तीस. नारळ एक, कढीपत्ता, इस्त्रीचे कपडे.” मग जुनी फाइल उघडून नोंद काढली. “इम्पोर्ट चार बेचाळीस.” मग ते पुन्हा वहीच्या पानाकडे वळले. कोपऱ्यातला पेन्सिलीचा पासवर्डही त्यांना दिसला असणार.

“काका, निरोपाच्या वेळी मी ह्याच वहीबद्दल बोललो होतो.”

“हो साहेब. तेव्हाच उठून सांगायला हवं होतं.”

“तिची अर्ध्या दिवसाची रजा हजेरीत होती,” ते हळूच म्हणाले. “सही माझीच. मी एकदा हजेरी बघायला हवी होती. मी तुमची वही बघितली.”

मला वाटलं होतं ते चिडतील. चिडले असते तर सोपं गेलं असतं. त्यांनी स्वतः टाइप करून जुन्या अहवालाखाली एक परिच्छेद जोडला. इम्पोर्ट कुणी केलं, कुणाच्या आयडीनं, कुणी पासवर्ड दिला, कुणी मागितला, आणि हजेरी कुणी तपासली नाही. तेही लिहिलं. छापून माझ्यापुढे ठेवलं, पेन दिलं. माझा हात सवयीनं आधी सहीच्या जागेकडे गेला. मी तो मागे घेतला, शब्दन् शब्द वाचला, आणि मग सही केली. वही तिथेच ठेवून आलो.

त्यानंतर तीन आठवडे काही कळलं नाही. मी रोज झाडांना पाणी घालायचो, फोन शेजारी ठेवून. बायको म्हणायची, “झाडं बुडवाल तुम्ही.”

मग तिचा फोन आला. “घेतलं, काका! पासवर्डवरून पाऊण तास झाडलं मला वरच्यांनी. सहा महिने लक्ष ठेवणार आहेत म्हणे. ठेवू देत. फाइल दाखवली मला. दोनदा वाचली मी.” मागे ऑफिसचा गलबला ऐकू येत होता. “आता एक काम करा. बुधवारी या. इथे सगळी मंडळी टिका आधी मारतात. माझं कोण ऐकत नाही. तुम्ही सांगा.”

मी गेलो. आठ-दहा जण होते, सगळे माझ्या मुलीच्या वयाचे. त्यांना मी नारळासकट सगळं सांगितलं. ‘एका माणसानं’ असं नाही म्हणालो, ‘मी’ म्हणालो. कुणी हसलं, कुणी आपल्या यादीकडे चोरून बघितलं. मागच्या बाकावर साहेब येऊन बसले होते.

नंतर तिला एक बॉट लाइव्हवर टाकायचा होता. तिनं शेजारची खुर्ची ओढून दिली आणि माझ्यापुढे ती जुनी वही ठेवली, कोरं पान काढून. आता लाल पेन तिच्या हातात होतं. पहिली पायरी मी वाचली, तिनं केली, मग टिक मारली. दुसरी. तिसरी.

“चौथी, काका?” ती म्हणाली आणि थांबली.

मी चष्मा नीट करून पडद्याकडे बघितलं. चौकट रिकामी होती.

“झाली,” मी म्हणालो.

मग तिनं वहीत टिक मारली.